लेनची बंदूक, बेरिलची गोळी

बेरिलला मोठी वस्तू टाकून देता येत नसे. ती त्या वस्तूत काहीतरी लहान बसवायची आणि वापरत राहायची. लेन, म्हणजे तिचा नवरा, गेला तेव्हा त्याचे गमबूट मागच्या दाराशी होते. ते तिने एकावर एक मोजे चढवून स्वतःच्या पायांत घातले. त्याचा मेणकापडाचा कोट तिच्या घोट्यापर्यंत यायचा. तो तिने गवताचे भारे बांधायच्या सुतळीने कमरेशी आवळला. मोठ्या कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर हातरुमालाएवढं कापड अंथरून ती जेवायची. अख्खी तंगडी भाजायच्या ट्रेमध्ये एकच बटाटा ठेवून ओव्हनचं दार लावायची, आणि मी हसले की म्हणायची, "बटाट्याला ऐसपैस वाटतं."

आणि लेनची रायफल होती.

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. आम्ही पुण्याहून न्यूझीलंडला आलो, ख्राइस्टचर्चला. ह्यांना सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती. शहर जिथे संपतं आणि मेंढ्या सुरू होतात तिथे आम्ही घर भाड्याने घेतलं. पोहे, हिंग आणि भारतात फोन करायची कार्डं आणायला शहरातल्या रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात जावं लागे. बाकी आमच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला वारा, आणि कुंपणापलीकडे पंच्याहत्तरी उलटलेली बेरिल.

त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पंचेचाळिशीची, बँकेच्या काउंटरवर अर्धं आयुष्य काढलेली, स्वतःला फार धीट समजणारी बाई. तिने जवळून पाहिलेली बंदूक एकच: बँकेच्या दारात स्टुलावर पेंगणाऱ्या वॉचमनची. ती कधी उडेल यावर तिचा काय, वॉचमनचाही विश्वास नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी ओट्याशी कणीक मळत होते. खिडकीतून बघते तर शेजारच्या भाजीच्या वाफ्यात एक म्हातारी, घोट्यापर्यंत कोट, आणि हातात तिच्याहून लांब वाटावी अशी बंदूक. मी खालीच बसले. तशीच रांगत फोनपाशी गेले आणि कणकेच्या हातांनी ह्यांना ऑफिसात फोन लावला.

"अहो, शेजारी दरोडा पडलाय!"

"कोणी घातलाय?"

"शेजारणीनेच!"

"स्वतःच्या घरावर?" ह्यांनी विचारलं.

तेवढ्यात आवाज झाला. ठप्. उशीवर रट्टा मारावा तसा. एवढ्या मोठ्या बंदुकीचा एवढासा आवाज ऐकून मला हायसं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. थोड्या वेळाने दार वाजलं. दारात तीच म्हातारी. बंदूक नव्हती. गमबूट पायरीवर काढून ठेवलेले, पायांत जाडजूड मोजे, हातात टी टॉवेलने झाकलेली बशी.

"मी बेरिल," ती म्हणाली. "हे घे. ताजं आहे."

मला वाटलं केक. मी तिच्यासमोरच टॉवेल उचलला. आत सोललेला ससा होता. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडायची पद्धत. मी पुस्तकातलं इंग्रजी आठवून म्हणाले, "थँक यू. सो फ्रेश." संध्याकाळी ह्यांनी परसातल्या प्लमच्या झाडाखाली खड्डा खणला आणि सशाला मानाने निरोप दिला. पुढच्या वर्षी प्लम लगडला तेव्हा बेरिल कुंपणावरून म्हणाली, "काय घातलंस गं त्याला? माझा ससा चांगला लागू पडलेला दिसतोय." तिने सगळं पाहिलं होतं आणि वर्षभर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ही बेरिल.

तिचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. सुरुवातीला मला तिचं अर्धंच इंग्रजी कळायचं, तेव्हा उरलेलं अर्धं माझ्या सोयीचं आहे असं समजा. माझ्या 'सुलभा'ची तिने 'सू' केली ती मात्र सोय तिची.

तर ती बशी. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. मी बशीत शंकरपाळे भरून दिले. बेरिल चक्रावली. "मी दिलं, तू खाल्लंस, झालं की," ती म्हणाली. मी तिला समजावलं की आमच्यात भांडं रिकामं जात नाही, अशुभ असतं. तिने ते कायद्यासारखं मनावर घेतलं. बशीचा पुढे माझा स्टीलचा डबा झाला. तो कुंपणावरून जा-ये करू लागला. इकडून चकली, तिकडून प्लमचा जॅम. इकडून चिवडा, तिकडून सिल्व्हरबीट, म्हणजे आपल्या पालकाचा थोराड भाऊ. कधी तिच्याकडे द्यायला काही नसलं की ती डबा हातात घेऊन घरभर फिरायची. एकदा त्यात लोकरीचा गुंडा आला, एकदा अर्धी वापरलेली मेणबत्ती. रिकामा कधी आला नाही.

त्या ठप्पचं कोडं मला तिच्याच स्वयंपाकघरात उलगडलं. रायफल जुन्या लष्करी बनावटीची, थ्री-नॉट-थ्री. हे नाव मला माहीत होतं. गणपतीच्या बंदोबस्ताला येणाऱ्या पोलिसांच्या खांद्यावर तीच असायची. लेन तिने डोंगरात हरणं मारायचा. तिचं काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं, आणि उडालं की बंदूक खांद्याला असा दणका द्यायची की लेनसारखा आडदांड माणूसही पाऊलभर मागे सरकायचा. बेरिल तर ट्रॅक्टरवरून पडलेली, उजव्या खांद्यात डॉक्टरांनी स्क्रू बसवलेले. हात छातीच्या वर जेमतेम जायचा.

"मग तुम्ही ही चालवता कशी?" मी विचारलं.

तिने खिडकीतल्या अक्रोडांच्या वाडग्यात हात घातला आणि एक पोलादी वस्तू काढून टेबलावर उभी केली. निमुळत्या गळ्याची, चिमुकल्या बाटलीसारखी, आरपार पोकळ. "ॲडॅप्टर," ती म्हणाली. बाहेरून तिचा आकार हुबेहूब मोठ्या काडतुसाचा. आत मात्र पिस्तुलाचं इटुकलं काडतूस बसायचं. ही जोडगोळी रायफलीत घालायची. रायफलीला वाटतं आपलं नेहमीचं जेवण आलं, आणि उडते ती छोटी गोळी. आवाज थोडा, दणका नाहीच. आम्ही पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या भिंतीत बसावा म्हणून पिशवीभर ॲडॅप्टर घेऊन आलो होतो, त्यामुळे मला ते चटकन पटलं.

लेनच्या एका मित्राने ते लेथवर करून दिलं होतं. लेनचं शेवटचं वर्ष होतं ते. आपल्यामागे हिने ससे कसे हाकलायचे ही त्याला चिंता.

"पण मग सरळ एक छोटी बंदूकच घ्यायची ना?" मी शहाणपणा केला.

"आणि हिचं काय करू?" बेरिल म्हणाली. रायफलीबद्दल बोलत होती, पण बाहेरच्या खोलीत कोणी पाहुणा बसलाय अशा सुरात.

एकदा तिने मला चालवायला दिली. परवाना असलेलं माणूस अगदी शेजारी उभं असेल तर नवख्यालाही चालवून बघता येते, असं तिने आधी नीट सांगितलं. मातीच्या उंच बंधाऱ्यापुढे पीच फळांचा रिकामा डबा ठेवला. मी डोळे मिटले.

"सू, डोळे उघडे ठेवून चालवायची पद्धत आहे."

उघडे ठेवले. ठप्. धूळ उडाली ती डब्याच्या बऱ्याच खाली.

"निशाणा मोठ्या गोळीसाठी बसवलेला आहे," ती म्हणाली. "ही छोटी लवकर दमते. जवळ जा, आणि जरा वर धर." तिने विणायच्या सुईने ॲडॅप्टरमधली रिकामी पुंगळी ढकलून काढली, नवीन काडतूस बसवलं. या खेपेला डबा पडला. त्या संध्याकाळी मी पुण्याला बहिणीला फोन करून अख्खं कार्ड संपवलं. डबा पीचचा होता आणि बराच वेळ एका जागी उभा होता, हे तिला सांगितलं नाही.

एरवी रायफलीच्या बाबतीत बेरिल भयंकर सोवळी. रायफल लोखंडी कपाटात. तिचा बोल्ट, म्हणजे जो बसवल्याशिवाय ती नुसती नळी, तो दुसऱ्या खोलीत कुलपात. काडतुसं तिसरीकडे. एका सशासाठी ती घरभर हिंडून सगळं गोळा करायची, तोवर ससा जेवून, हात धुवून निघालेला असायचा. "धावपळ करून बंदुकीला हात लावायचा नाही," ती म्हणायची. "ससा उद्या येतोच."

तिचा परवाना दहा वर्षांचा होता आणि पुढच्या हिवाळ्यात संपणार होता. नूतनीकरणासाठी पोलिसांकडून एक माणूस येतो. कुलपं बघतो, तुमच्याशी बोलतो, आणि मग तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांशी बोलतो. मागच्या वेळी लेन होता. या वेळी बेरिलने दोन नावं दिली: मुलगा ग्रॅहम आणि मी. मला न विचारता.

"माझं कशाला?" मी घाबरून म्हणाले.

"तू दिवसभर तुझ्या खिडकीतून माझ्या घरात बघत असतेस. तुझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार?"

ग्रॅहम वेलिंग्टनला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. बंदूक गेली की ससे आवरणार नाहीत, ससे आवरले नाहीत की ती दहा एकर जमीन ठेवण्यात अर्थ नाही, आणि जमीन विकली की आई त्याच्या जवळ एखाद्या फ्लॅटमध्ये येईल. आईवर जीव होता त्याचा. बेरिललाही त्याचं हे म्हणणं पायरीपायरीने पटायचं, म्हणूनच ती पहिल्या पायरीला घट्ट धरून बसली होती.

शरदात, म्हणजे इथल्या एप्रिलच्या सुमाराला, माझा डबा अक्रोड भरून आला. अक्रोडांत ती पोलादी वस्तू होती.

आता तुम्ही म्हणाल, तुला माहीत होतं की ते काय आहे. होतं हो. पण मला वाटलं, हिच्याकडे दोन असतील. जुनं झालं म्हणून आठवण म्हणून दिलं असेल. डब्यात आलेली वस्तू ही दिलेली वस्तू, हा नियम तिला मीच शिकवला होता, आणि जिने शिकवला तिचा त्यावर सगळ्यात जास्त विश्वास. शिवाय आमची उदबत्तीची चांदीची डबी पुण्यालाच राहिली होती. मी त्या ॲडॅप्टरला चिंच लावून लखलखीत घासलं, देव्हाऱ्यात उभं केलं, गळ्यातून तांदूळ भरले आणि त्यात उदबत्ती खोवली. काय शोभली! ह्यांनी आरती करताना विचारलं, "हे नवीन काय?" म्हटलं, "बेरिलने दिलंय." ह्यांनी नमस्कार केला.

नंतर कित्येक दिवस बेरिल दिसली नाही. वाफ्यात ससे दिवसाढवळ्या पाय पसरून बसायला लागले. आणि एका दुपारी असा आवाज झाला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. मी चपला उलट्यासुलट्या घालून कुंपण ओलांडलं. बेरिल मागच्या पायरीवर बसली होती. रायफल उघडून बाजूला ठेवलेली, डावा हात उजव्या खांद्यावर, चेहरा पांढरा.

"लेनचं काडतूस घातलं," ती म्हणाली. "छोटा गडी सापडत नाहीये."

"आणि ससा?"

"ससा हसून गेला."

तिने आधी बोल्ट काढला, सगळं आपापल्या जागी कुलपात गेलं, मगच तिने मला खांद्याला हात लावू दिला. मी तिला माझ्या घरी आणलं, हळद-तेल गरम करून खांदा चोळला. तिचा ब्लाउज, मान, कानाची पाळी, सगळं पिवळं झालं. चहा आणते म्हणून मी आत वळले आणि मागून काही ऐकू येईना. येऊन बघते तर बेरिल देव्हाऱ्यासमोर उभी. उदबत्तीचा धूर तिच्या नाकासमोरून वर चाललेला.

"सू," ती हळूच म्हणाली, "तुमचे देव काय हरणं मारतात?"

तिने उदबत्ती काढून माझ्या हातात दिली आणि ॲडॅप्टर उचलला. बुडाचं भोक मी विसरलेच होते. सगळे तांदूळ तिच्या मोज्यांवर. मग आम्ही दोघी हसायला लागलो ते तिचा खांदा दुखेपर्यंत. "एवढा मान याला कोणी दिला नव्हता," ती डोळे पुसत म्हणाली. "लेनसुद्धा नाही."

हसून झाल्यावर ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ ॲडॅप्टर बोटांत फिरवत राहिली.

"मी घातला यात? अक्रोडांबरोबर?"

"डबा भरताना वाडगाच पालथा केला असेल तुम्ही. कोणाचंही होईल."

"हो," ती म्हणाली. "वाडगा पालथा केलेला आठवत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून लाल लोकर मागून घेतली. आरपार भोक असलेली वस्तू, ओवायला सोपी. तेव्हापासून ॲडॅप्टर तिच्या गळ्यात. मी तिला मंगळसूत्र म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा म्हणाली, "बघ, लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, आणि हा आत्ता गळ्यात पडला."

घोळ असा झाला की तिने हा किस्सा ग्रॅहमला फोनवर सांगितला, विनोद म्हणून. ग्रॅहम हसला नाही. दोन दिवसांनी त्याने मला फोन केला.

"आई हल्ली विसरते," तो म्हणाला. आवाज अगदी नम्र. "तुम्ही रोज बघता. तो माणूस येईल तेव्हा त्याला हे सांगाल ना? मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मानेल. आणि उद्या काही वाईट झालं तर?"

त्या 'तर'वर मी "बघते" म्हणून फोन ठेवला. रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं.

"अगं, आपण इथे नवीन," हे म्हणाले. "खरं असेल ते सांग. आणि मुख्य म्हणजे थोडक्यात सांग."

खरं सांगणं मला जमलं असतं. थोडक्यात कसं सांगायचं? मी आरशासमोर उत्तरं पाठ करायला लागले, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. सांगावं तर बेरिलचं घर जाईल, न सांगावं तर ग्रॅहमचं ते 'तर' माझ्या उशाशी येऊन बसेल. बेरिलने एका सकाळी कुंपणावरून डबा दिला आणि म्हणाली, "त्याला अक्रोडांचं सांग."

"सांगू?"

"तू नाही सांगितलंस तर मी सांगणार आहे. मग तू खोटी पडशील."

तो माणूस आला. उंच, पिकलेल्या मिशांचा, दारात बूट काढून मोज्यांनी आत आला, माओरी भाषेत नमस्कार म्हणून "किया ओरा" म्हणाला. मी त्याच्यापुढे चिवडा ठेवला. त्याने माझी आणि बेरिलची ओळख कशी झाली ते विचारलं, आणि मी दरोड्यापासून सुरुवात केली. ससा, प्लमचं झाड, डबा, अक्रोड, उदबत्ती. थोडक्यात सांगणं तिथेच संपलं. तो चिवड्यातले दाणे वेचून खात ऐकत होता.

"म्हणजे ती विसरते," तो म्हणाला.

"ॲडॅप्टर कुठे ठेवला ते विसरली," मी म्हणाले. "रायफल कुठे ठेवली ते कधी विसरली नाही. खांदा मोडायला आला होता तरी आधी बोल्ट काढून कुलपात ठेवला, मग मला हात लावू दिला. मी पाहिलंय."

"तुमची आई असती तर?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. मी विचार करून बोलले. त्या काळात हे फार क्वचित घडायचं.

"तर आज तिच्याकडे राहू दिली असती," मी म्हणाले. "आणि रोज एकदा डबा घेऊन गेले असते. ज्या दिवशी काही वेगळं दिसेल त्या दिवशी मीच तुम्हाला फोन केला असता. आताही करीन. हे तुम्ही तिला सांगितलंत तरी चालेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "यातला तळलेला खोबऱ्याचा काप घेतला तर चालेल?"

ग्रॅहमशीही तो बोलला असणारच. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. काही आठवड्यांनी परवान्याचं कार्ड पोस्टाने आलं. बेरिलने ते फ्रिजवर, मी लिहून दिलेल्या चकलीच्या पाककृतीच्या कागदाशेजारी, चुंबकाने लावलं. त्या हिवाळ्यात ससे पुन्हा आपल्या पायरीने राहू लागले. सकाळी ठप् आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचे. कधीकधी मी डबा घेऊन जाताना मुद्दाम जरा जास्त वेळ थांबायचे. तिला ते कळायचं. "तपासणी झाली?" ती विचारायची. "झाली," मी म्हणायचे.

वसंत लागला, कोकरं आली, नॉर्वेस्टर, म्हणजे वायव्येचा गरम वारा सुटला. एका सकाळी बेरिल आमच्या दारात आली. केस विंचरलेले, शहरात जायचा कोट.

"सू, गाडी काढ. शहरात जायचंय."

तिच्या हातात कापडी खोळीत घातलेली रायफल होती, दुसऱ्या हातात बोल्टची पिशवी. मी गाडी काढली. अर्ध्या वाटेवर मला राहवेना.

"पण परवाना तर आता मिळाला. कोणी काही म्हणत नाहीये."

"म्हणून तर," बेरिल म्हणाली. "आता कोणी मागत नाहीये."

बाहेर मैलोन्‌मैल सपाट हिरवळ मागे जात होती. मग ती पुन्हा बोलली, खिडकीकडे बघत. "काल सकाळी सगळं गोळा करून बाहेर गेले. बोल्ट बसवला. आणि वाफ्यात उभी राहिले तर मी कशाला बाहेर आले तेच आठवेना. थोडाच वेळ. मग ससा दिसला आणि आठवलं."

"पण मी तर त्या माणसाला..."

"तू त्याला खरं सांगितलंस. तेव्हा ते खरंच होतं." तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तू फोन करशील म्हणाली होतीस. म्हटलं, तुझं कार्ड कशाला संपवायचं?"

बंदुकांच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने रायफल उलटसुलट करून बघितली, लाकडावरून हात फिरवला, चांगली ठेवली आहे म्हणाला. बेरिलने गळ्यातली लाल लोकर डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. तिचा हात वर जाईना. मी मदत केली.

"हेही द्यायचं?" मी विचारलं.

"त्याच्याशिवाय ती माझ्या काय उपयोगाची, आणि तिच्याशिवाय ते?" ती म्हणाली. काउंटरवर तो ॲडॅप्टर ठेवताना तिने तो उभा ठेवला.

परत येताना तिला रिकार्टनला थांबायचं होतं. का, तर मी नेहमी कुठे जाते ते बघायला. हिंगाच्या डबीचा वास घेऊन ती दुकानभर शिंकत फिरली आणि एक उदबत्तीचा पुडा विकत घेतला. घरी पोहोचल्यावर तिने माझ्यादेखत ग्रॅहमला फोन लावला. "बंदूक दिली," ती म्हणाली. "घर दिलेलं नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावू नकोस." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. बेरिलने फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मध्येच म्हणाली, "हो, ससे खातील. खाऊ देत. मला एकटीला किती सिल्व्हरबीट लागतं?"

पुढे ती तिथेच राहिली. वरचेवर ग्रॅहम यायला लागला, कुंपणाला खाली जाळी मारून गेला, ती सशांनी उकरली. आम्हालाच हलावं लागलं. ह्यांना ऑकलंडला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या पापाटोएटो भागात घर बघितलं. आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले ते रुमाल घेऊनच. बेरिलने चहा केला, हवेबद्दल बोलली, मी रडायला लागल्यावर साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. दारात म्हणाली, "राइटो, सू," म्हणजे 'बरं तर'. झाला निरोप.

सकाळी लवकर गाडी निघाली. तिच्या कुंपणावरून जाताना मी काच खाली केली. बेरिल वाफ्यात उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. खांदा उचलत नाही म्हणून हात पोटाशी धरून, पण जोरजोरात.

"अहो, थांबा, थांबा! बघा तरी, टाळ्या वाजवून निरोप देतेय हो!" मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन दोन्ही हात हलवायला लागले.

ह्यांनी गाडी हळू केली, मान वाकवून बघितलं. "कोणाला देतेय?" हे म्हणाले.

सिल्व्हरबीटच्या पानांतून दोन कान वर आले. ससा एक ओळ पुढे सरकला आणि पुन्हा खायला बसला. बेरिल त्याच्या मागे निघाली, टाळ्या वाजवत, रस्त्याकडे पाठ करून.